न्यूपोर्टची एक रात्र आणि आपले अनाम वाजवणारे



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयापुढे ‘जाझ’ हा शब्द वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. संत, इतिहास, शेती, शिक्षण असे विषय व्याख्यानमालेला शोभतात. खारबावच्या श्रोत्यांना अमेरिकेतल्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या काळ्या लोकांच्या संगीताशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर मी थोडक्यात आताच देतो आणि सविस्तर ओघाओघाने देईन. आपल्याकडे लग्नाच्या वरातीपुढे जो बँड वाजतो, त्यातला ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पडघम ही सारी वाद्ये जाझचीही आहेत. वाद्ये तीच, फुंकणारी छातीही माणसाचीच. अमेरिकेतल्या अशाच एका वाद्यवृंदाने एका रात्री जे वाजवले ते जगाने सांभाळून ठेवले. आपल्या वाद्यवृंदांनी वाजवलेले मात्र वाऱ्यावर गेले. असे का झाले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम जाझ म्हणजे काय ते पाहू. त्याची शास्त्रीय व्याख्या करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आपल्या ओळखीच्या वस्तूंवरून ते लवकर समजेल. आपल्या भजनात बुवा एक चरण घेतात, तो फिरवून फिरवून सांगतात, दर वेळी त्यात काही नवे घालतात, आणि पखवाज्या त्यांना समेवर आणून सोडतो. पोवाड्यात शाहीर पुढे जातो आणि मागचे झीलकरी झील धरून त्याला उचलून धरतात. जाझमध्येही असेच घडते. ‘ब्लूज’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात 12 मात्रागटांचे एक आवर्तन असते. स्वरसंगती ठरलेली, लांबी ठरलेली; त्या चौकटीत वादकाने प्रत्येक आवर्तनात नवे काही सांगायचे. तो सांगत असता मागची मंडळी छोटे छोटे तुकडे वाजवून त्याला झील देतात.

आता एकटादुकटा वादक असला तर हे सोपे आहे. पण 15-16 वाजवणारे एकत्र बसले, की प्रत्येकाने मनास येईल ते वाजवून कसे चालेल? तेथे रचनाकाराची गरज लागते. भिवंडीच्या परिसरात राहणाऱ्या आपणा मंडळींना यंत्रमागाची ओळख करून द्यायला नको. मागावर ताणा आधी चढवलेला असतो, आणि मग धोटा बाणा घेऊन इकडून तिकडे धावतो. मोठ्या जाझ वाद्यवृंदात रचनाकार लिहून देतो तो ताणा. वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो तो बाणा. नुसत्या ताण्याचे कापड होत नाही आणि नुसत्या बाण्याचेही होत नाही.

असा ताणा चढवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याचे नाव एडवर्ड केनेडी एलिंग्टन. त्याचा जन्म 1899 साली वॉशिंग्टन शहरात झाला. ऐटबाज राहणीमुळे सवंगड्यांनी त्याला ‘ड्यूक’, म्हणजे सरदार, म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले. 1927 साली न्यूयॉर्कच्या ‘कॉटन क्लब’मध्ये त्याचा वाद्यवृंद वाजू लागला. त्या क्लबची रीत अशी, की वाजवणारे आणि नाचणारे काळे, पण ऐकायला येणारे मात्र गोरेच. आपल्या देशात ज्यांच्या सनईवाचून मंगलकार्य होत नसे, त्यांनाच मांडवाबाहेर बसवले जात होते. तेव्हा ही रीत समजून घेण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

एलिंग्टनचे वैशिष्ट्य असे, की तो ट्रंपेटसाठी किंवा सॅक्सोफोनसाठी लिहीत नसे; तो माणसासाठी लिहीत असे. जॉनी हॉजेसचा सूर कसा लोंबकळत खाली येतो, हॅरी कार्नीचा खर्ज कसा भरदार आहे, हे मनात धरून तो रचना करी. हा हॅरी कार्नी 1927 साली पोरवयात त्याच्याकडे आला आणि एलिंग्टनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1974 पर्यंत, त्याच्याबरोबर राहिला. नाटक मंडळीत नट पाहून भूमिका लिहिणारे नाटककार आपल्याकडे होऊन गेले. त्यातलाच हा प्रकार.

पण 1956 पर्यंत दिवस फिरले होते. महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले. घरोघर दूरचित्रवाणी आली. तरुणांना चार-पाच वादकांचे नवे, वेगवान जाझ आवडू लागले. एकामागून एक मोठे वाद्यवृंद मोडले. एलिंग्टनने आपला वाद्यवृंद मोडला नाही. पण हा आता जुन्या काळचा माणूस, असे लोक म्हणू लागले होते.

अशा वेळी 7 जुलै 1956 रोजी, शनिवारी रात्री, ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट गावी तो आला. तेथे 1954 पासून उघड्या मैदानावर जाझचा उत्सव भरत असे. आपल्या गावजत्रेत व्हावा तसाच सुरुवातीला घोटाळा झाला: वाद्यवृंदातली चार माणसे वेळेवर जागेवर नव्हती. दोन-तीन चिजा वाजवून एलिंग्टनला खाली उतरावे लागले. त्याची पुन्हा पाळी आली तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती आणि लोक घरी निघायच्या बेतात होते.

एलिंग्टनने आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने या उत्सवासाठी मुद्दाम एक नवी रचना केली होती. ती झाली, लोकांनी टाळ्या दिल्या, पण बेताच्याच. मग एलिंग्टनने एक जुनी चीज काढली. 1937 साली त्याने ब्लूजवर दोन जोडरचना केल्या होत्या. पहिलीत नाद हळूहळू कमी होत जातो, दुसरीत हळूहळू वाढत जातो. या दोहोंच्या मध्ये जो सांधा होता, तेथे त्याने पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाला उभे केले आणि वाटेल तितका वेळ वाजव म्हणून मोकळीक दिली.

गोन्साल्विस उभा राहिला आणि त्याने एकामागून एक 27 आवर्तने वाजवली. 27 वेळा 12, म्हणजे 324 मात्रागट, एका दमाच्या माणसाने, मागे केवळ ढोल, मोठे तंतुवाद्य आणि स्वतः एलिंग्टनचा पियानो. त्यात बोटांची फार मोठी कसरत नव्हती. होती ती लय. सातव्या-आठव्या आवर्तनाला लोक सावरून बसले. काळ्या पोषाखातली एक बाई आपल्या जागेवरून उठून नाचू लागली. तिला पाहून आणखी लोक उठले. रंगमंचाच्या कडेला जो जोन्स हा नामांकित ढोलवादक बसला होता. त्याने हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिने ठेका धरला, आणि वाद्यवृंदातली मंडळी त्याच्याकडे पाहून चेवाने वाजवू लागली. हजारोंचा समुदाय खुर्च्यांवर उभा राहिला. दंगा होईल या भयाने उत्सवाचे चालक जॉर्ज वाइन थांबा, थांबा अशा खुणा करू लागले. एलिंग्टन मुरलेला माणूस. एकाएकी थांबलो तरच दंगा होईल हे त्याने ओळखले आणि पुढे संथ चिजा वाजवून तो जमाव शांत केला.

त्या रात्रीने एलिंग्टनला पुन्हा उभे केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. त्या रात्रीची जी तबकडी कोलंबिया कंपनीने काढली, ती त्याच्या सगळ्या तबकड्यांत अधिक खपली. आपला जन्म 1956 साली न्यूपोर्टला झाला, असे तो पुढे विनोदाने सांगत असे.

श्रोतेहो, येथपर्यंतची गोष्ट सुरस आहे. पण मी केवळ गोष्ट सांगायला आलेलो नाही. या तबकडीला दुसरी बाजू आहे.

त्या रात्री रंगमंचावर ध्वनिक्षेपक दोन संस्थांचे होते. एक कोलंबिया कंपनीचे आणि दुसरे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचे. गोन्साल्विस वाजवायला पुढे आला तो नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला. परिणामी कंपनीच्या फितीवर त्याचे ते 27 आवर्तनांचे वादन दुरून आल्यासारखे मंद उमटले. शिवाय नव्या रचनेत काही चुका झाल्या होत्या. तेव्हा सोमवारी, 9 जुलैला, वाद्यवृंदाला न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहात बोलावण्यात आले. नव्या रचनेचा बराचसा भाग आणि आणखी काही पुन्हा वाजवून घेण्यात आले, आणि त्यावर लोकांच्या टाळ्यांचा व आरोळ्यांचा आवाज चढवण्यात आला. तबकडी मात्र ‘न्यूपोर्ट येथील एलिंग्टन’ म्हणूनच बाजारात गेली. चाळीसएक वर्षे लोक बंद खोलीतले वादन मैदानावरचे म्हणून ऐकत राहिले.

पुढे नव्वदीच्या दशकात नभोवाणीच्या त्या रात्रीच्या फिती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडल्या. गोन्साल्विस ज्या ध्वनिक्षेपकापुढे उभा होता, त्याने तो स्वच्छ टिपला होता! फिल शाप या जाणकाराने कंपनीची फीत आणि नभोवाणीची फीत एकमेकींशी जुळवली. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला, अशी ती संपूर्ण रात्र 1999 साली प्रसिद्ध झाली. त्यात चुका आहेत, वेळ सावरण्यासाठी केलेले बोलणे आहे, लोकांचा गलका आहे. पण ती रात्र खरी आहे.

आता प्रश्न असा, की 1956 च्या तबकडीला खोटी म्हणावे काय? मला वाटते, येथे नीट विवेक केला पाहिजे. चूक दुरुस्त करणे हा अपराध नव्हे. आजचे हे व्याख्यान उद्या पुस्तकात छापले जाईल, तेव्हा माझे अडखळणे आणि मध्येच पाणी पिणे त्यात येणार नाही. वाक्येही थोडी सरळ केलेली असतील. त्याबद्दल मला कोणी लबाड म्हणणार नाही, कारण छापील व्याख्यान असेच असते हे वाचकाला ठाऊक असते. परंतु मी जर त्या पुस्तकात जागोजागी कंसात ‘प्रचंड टाळ्या’ असे छापून घेतले, आणि त्या टाळ्या पडल्याच नसल्या, तर ती मात्र लबाडी होईल. कलावंताने आपले काम सुधारावे. पण श्रोत्यांचा प्रतिसाद बाहेरून आणून चिकटवू नये. जिवंत मैफल अर्धी वाजवणाऱ्याची आणि अर्धी ऐकणाऱ्याची असते. त्या दुसऱ्या अर्ध्यावर कंपनीचा काय अधिकार?

आणि यातली गंमत पाहा. ज्या वादनासाठी ती रात्र गाजली, ते 27 आवर्तनांचे वादन कंपनीला पुन्हा करून घेता आले नाही. मंद उमटले होते तरी मूळचेच ठेवावे लागले. बंद खोलीत ती लय, ती नाचणारी बाई, ती वर्तमानपत्राची गुंडाळी कोठून आणणार? जे खरोखर थोर होते त्याची नक्कल झालीच नाही.

आता आपण घराकडे वळू. पॉल गोन्साल्विस या नावाने आपल्यापैकी कोणाचे कान टवकारले असतील. खारबावहून गाडीत बसून कामण रोड, जुचंद्र करीत वसईला उतरले, की गोन्साल्विस नावाच्या पाट्या दिसू लागतात. पॉलचे घराणे वसईचे किंवा गोव्याचे नव्हे. ते आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांवरचे. पण त्या बेटांवर 1975 पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. चिमाजीअप्पांनी 1739 साली घेतली त्या वसईवर, आणि 1961 पर्यंत गोव्यावर, त्याच पोर्तुगीजांचे राज्य होते. राज्ये गेली, आडनावे राहिली, आणि त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट राहिली. ती म्हणजे चर्चच्या शाळेत मुलांना शिकवलेली स्वरलिपी आणि व्हायोलिन.

ही विद्या घेऊन गोव्याची शेकडो मुले मुंबईला पोट भरायला आली. 1935 साली लिऑन अ‍ॅबे या काळ्या अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्याच्यामागून आणखी काही आले. गोव्याच्या वादकांनी त्यांचे ऐकून ऐकून जाझ उचलले. अल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेट वाजवी. त्याचे नाव पडले चिक चॉकलेट, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरियाचा वाद्यवृंद 1939 पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री ओसरल्या, आणि ही मंडळी चित्रपटाच्या वाद्यवृंदांत अधिकाधिक शिरली. तेथे त्यांची गाठ पडली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांशी. ‘शहनाई’ हा 1947 चा आणि ‘अलबेला’ हा 1951 चा चित्रपट आठवा. त्यांतल्या गाण्यांवर सबंध देश नाचला. चाल मराठी माणसाची, आणि तिच्यामागे ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांची जी आतषबाजी आहे तिच्यात चिक चॉकलेटचा आणि त्याच्या सोबत्यांचा वाटा आहे, तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. वर सांगितलेला ताणाबाणा येथेही आहे. परंतु तबकडीच्या चकतीवर चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे नाव, गाणाराचे नाव असे; वाजवणारांची नावे बहुधा नसत. एलिंग्टन न्यूपोर्टला गोन्साल्विसचे नाव पुन्हा पुन्हा पुकारीत होता, आणि आपल्याकडे वाजवणारा रोजंदारी घेऊन घरी जात होता. हा फरक लहान नाही.

याहून चटका लावणारी कथा दुसऱ्या एका गोन्साल्विसची आहे. अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म 1927. ते व्हायोलिन वाजवीत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांसाठी स्वररचना लिहीत. प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावा हा त्यांचा ध्यास होता. सारंगावर, तोडीवर त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या. 1958 साली, म्हणजे न्यूपोर्टच्या रात्रीनंतर दोनच वर्षांनी, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात त्यांनी सुमारे 110 वादकांचा ताफा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. ते जाझ नव्हते, पण रचनाकाराने स्वतः मोठा वाद्यवृंद घेऊन लोकांपुढे उभे राहणे हे धाडस तेच होते. तेथे कोणी दूतावास नव्हता, राजाश्रय नव्हता. 1965 साली ते अमेरिकेला गेले. परत आले ते गोव्यात शांतपणे राहिले, आणि 2012 साली वारले. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या एका गाण्यात प्यारेलालांनी गुरूचे नाव गुंफले. ते नाव आज पोरासोरांच्या तोंडी आहे. पण त्यांची सारंगाची किंवा तोडीची रचना आपल्यापैकी कोणी ऐकली आहे काय? नाव गाजले, संगीत मागे राहिले.

दुसऱ्या बाजूने पाहा. 1963 साली अमेरिकन सरकारने एलिंग्टनला वाद्यवृंदासह पूर्वेकडे धाडले. तो दिल्ली, मुंबई, हैदराबाद, मद्रास अशा शहरांतून वाजवीत गेला. दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या बोलावरून पुढे एक रचना झाली. ती आणि तिच्या सोबतच्या रचना 1966 च्या डिसेंबरात मुद्रित होऊन 1967 मध्ये तबकडीवर आल्या. आपल्या मैनेचा बोल अमेरिकेच्या तबकडीत टिकला, आणि झेवियर कॉलेजच्या चौकातली ती 110 वाद्ये आठवणींत शोधावी लागतात!

मी हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेतही कंपनीने फसगत केलीच. पण तेथे दुसरी फीत कोठेतरी ग्रंथालयात होती, म्हणून 43 वर्षांनी खरे बाहेर आले. माणसे सर्वत्र सारखीच चुकतात. जेथे नोंद ठेवलेली असते तेथे चूक दुरुस्त होते. जेथे नोंदच नसते तेथे चुकीलाही वारस उरत नाही आणि गुणालाही नाही.

मग आपण काय करावे? आपल्या या पंचक्रोशीत भजनी मंडळे आहेत, वरातीचे बँड आहेत, आणि पलीकडे डोंगराच्या बाजूला तारपा फुंकणारे आदिवासी बांधव आहेत. तारपा वाजवणारा श्वास न तोडता नाचणारांच्या फेऱ्याबरोबर फिरत असतो. गोन्साल्विसच्या 27 आवर्तनांचे कौतुक करणाराने त्याच्यापुढेही मान लववली पाहिजे. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठे भांडवल लागे. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे, आणि आपण त्यावर वरातीची चित्रे घेतोही. मात्र वाजवणाराचे नाव, गाव, त्याने ती विद्या कोणाकडून घेतली, हे आपण विचारीत नाही. चित्र राहते, माणूस हरवतो.

म्हणून माझी तीन मागणी आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, जेव्हा जेव्हा ध्वनिमुद्रण कराल तेव्हा तारीख, ठिकाण आणि प्रत्येक वाजवणाराचे नाव त्याच्या संमतीने लिहून ठेवा. ढोलकीवाल्याचे आणि झांजवाल्याचेही. दुसरी, ते जसे झाले तसे ठेवा. बेसूर झाले असेल तर बेसूर, लोक बोलत असतील तर बोलणे. सुधारलेली प्रत वेगळी करा, आणि ती सुधारलेली आहे असे तिच्यावर लिहा. तिसरी, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक घरात, एक गावच्या वाचनालयात. न्यूपोर्टची रात्र वाचली ती दोन फिती दोन ठिकाणी होत्या म्हणूनच.

पॉल गोन्साल्विस 1974 च्या मे महिन्यात लंडनला वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 24 मे रोजी, एलिंग्टनही गेला. तो आजारी होता, म्हणून गोन्साल्विसच्या मृत्यूची वार्ता त्याला कळू दिली नाही असे सांगतात. दोघेही गेले, पण त्या रात्रीचे ते वादन आज कोणीही ऐकू शकतो. आपल्या गावच्या वाजवणाराचा सूर त्याच्या नातवाला ऐकू यावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे. परक्या देशातल्या एका तबकडीच्या गोष्टीवरून एवढे एक काम जरी येथे सुरू झाले, तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी समजेन.